चार डोले राखून छंटनी

‘हिंदी काय नि मराठी काय, लिपी एकच’ असं कुणी सहज बोलून गेलं तरी माझं डोकं आजही फिरतं. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या कचेरीत कॉम्प्युटर बसवायला आलेल्या इंजिनिअरकडून.

द्राक्षबागायतदारांच्या एका संस्थेत मी नोकरीला होते. कचेरी नाशकात, सभासद बहुतेक दिंडोरी तालुक्यातले. त्यांच्यासाठी आम्ही दर महिन्याला चार पानी पत्रक काढायचो. फवारणी कोणती, पाणी किती, खत कधी. माहिती तज्ज्ञांची, पण ती शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत लिहायचं काम माझं. शेवटी संपादक म्हणून नावही माझंच. नव्वदच्या दशकात सगळा मजकूर बाहेरून टाइप करून घ्यायचो. पुढे संस्थेने स्वतःचा कॉम्प्युटर घेतला आणि त्यात देवनागरी नीट उमटायला लागली, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता.

इंजिनिअरने शुद्धलेखन तपासायची भाषा निवडायची यादी उघडली. जगभरच्या भाषा होत्या. मराठी नव्हती.

“मॅडम, हिंदी टाकून देतो. लिपी एकच आहे.”

“लिपी एक असली म्हणून शब्द एक होतात का?”

“चालतं हो सगळीकडे,” म्हणाला आणि सही घेऊन गेला.

तेव्हापासून मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली लाल रेघा. पाणी चूक. फळ चूक. काळी माती, त्यातली काळी चूक. मी दुर्लक्ष करून लिहीत राहायचे. पण आमच्या संस्थेचे सचिव येता-जाता पडद्यात डोकावायचे.

“एवढ्या चुका? मॅट्रिकची पोरंसुद्धा बरं लिहितात.”

“साहेब, यंत्र हिंदीप्रमाणे तपासतंय. मराठी त्याला येत नाही.”

“यंत्राला येत नाही आणि तुम्हाला येतं!” असं म्हणून ते शिपायाकडे बघून हसायचे. शिपायालाही हसावं लागायचं.

ऑक्टोबर छाटणीचा अंक तयार करून मी बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले. परत आले तेव्हा पत्रक छापून, घड्या घालून, टपालाने रवाना झालेलं होतं. टेबलावरची प्रत उचलून वाचली. वेलीच्या काडीवर जिथून नवी फूट येते त्याला आपल्याकडे डोळा म्हणतात. ‘काडीवर चार डोळे राखून छाटणी करावी,’ असं मी लिहिलं होतं. छापलं होतं, ‘काडीवर चार डोले राखून छंटनी करावी.’ खाली पानी, फल, काली. सगळ्याच्या शेवटी माझं नाव.

मी तशीच साहेबांच्या खोलीत गेले. “हे कुणी केलं?”

“मी केलं. तुम्ही रजेवर. लाल रेघांनी भरलेला कागद प्रेसला कसा द्यायचा? यंत्र सुचवत गेलं, मी बदलत गेलो.”

“साहेब, त्या रेघा छापल्या जात नाहीत.”

“छापल्या जात नाहीत?” त्यांनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. एवढ्या महिन्यांत मी दहादा समजावलं होतं, एकदाही कान दिला नव्हता. मग म्हणाले, “भावार्थ कळला म्हणजे झालं. शेतकऱ्याला काय करायचंय शुद्धलेखन?”

त्या वाक्याने माझ्या अंगाची लाही लाही झाली. पत्रक पुन्हा छापा म्हटलं, तर नाही म्हणाले. पुढच्या अंकात चूकदुरुस्ती टाकू. पुढच्या अंकापर्यंत छाटण्या उरकलेल्या असणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात दिंडोरीकडच्या एक बागायतदार बाई पत्रक घेऊन थेट माझ्या टेबलाशी आल्या.

“ताई, हे तुम्ही लिहिलं? छंटनी?”

“छाटणी म्हणायचं होतं.”

“माझा दीर सातपूरला कंपनीत होता. माणसं काढली तवा गेटावर हिंदीत कागद लावला होता, त्याच्यावर हाच शब्द. लय दिवस घरी बसलाय तो, आता बागेत हात लावतो. पत्रक वाचून त्यानंच इचारलं, वहिनी, आता बागेतनं पण काढता का मला?”

त्या हसून सांगत होत्या. मला हसू आलं नाही. मी त्यांची माफी मागितली नाही, कारण चूक माझी नव्हती. पण नाव माझं होतं, याचीच चीड येत होती.

संध्याकाळी मी सुधारलेलं पान काढलं, झेरॉक्स करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीने दिंडोरीला जाऊन शेतीऔषधांच्या दुकानांत ठेवून आले. साहेबांना विचारलं नाही. परत आल्यावर भाषेची ती खिडकी पुन्हा उघडली. खाली एक चौकट होती, शुद्धलेखन तपासू नका. तिथे खूण केली. लाल रेघा गेल्या. पण राग गेला नाही. माझ्या भाषेला त्या यंत्रात दोनच वाटा होत्या, एक तर चुकीची हिंदी ठरायचं, नाही तर तपासण्याच्या लायकीचीच नाही असं मान्य करायचं. साहेब नंतर कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. मीही तेवढंच बोलले.

काही वर्षांनी नवा कॉम्प्युटर आला. त्या यादीत मराठी होती. मी ती निवडली आणि नव्या अंकाचा मजकूर उघडला. पाणी, फळ, छाटणी, सगळं बिनतक्रार पार पडलं. एका शब्दाखाली मात्र लाल रेघ आली. विरळणी. घडातले जास्तीचे मणी काढून टाकायचं काम, आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असलेला शब्द.

साहेब मागे येऊन उभेच होते. “बघा. आता तर मराठी लावलीये, तरी चूक दाखवतंय.”

मी तो शब्द यंत्राच्या कोशात घातला. रेघ नाहीशी झाली. मग मागे न वळता मी म्हणाले, “साहेब, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”