ओढ्यापलीकडची लंगडी

थोरलीचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं आणि उरलेलं, तिच्याच शब्दांत, "दूध उतू जातंय का ते बघण्यात" चाललं होतं. नवरा गेल्यावर कळप दिराकडे राहिला आणि लेकीनं तिला शहरात आणलं. लेक-जावई दोघंही नोकरीवर. नात सांभाळायला घरचं माणूस हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत कशाचीच उणीव नव्हती. तरी थोरलीचा जीव रमेना.

तिचं मन माळावर अडकलं होतं. तिथे दिवेलागणीला लंगडी ओरडायची. लंगडी म्हणजे ओढ्यापलीकडच्या उतारावरची लांडगीण. कधीतरी फासात सापडून तिचा मागचा पाय अधू झालेला. वर्षाकाठी एखाददुसरं कोकरू ती न्यायचीच. थोरलीचा नवरा शिव्यांची लाखोली वाहायचा, कुंपण आणखी उंच करायचा. पण तिच्या बिळाकडे कधी फिरकला नाही. म्हणायचा, "तिला तिची पोरं, मला माझी. तिनं चोरी करावी, मी राखण करावी. यात वैर कसलं?"

एके दुपारी जावेचा फोन आला. "ताई, लंगडीनं महिन्याभरात तीन कोकरं नेली. हे म्हणतात, मेलेल्या मेंढीत विष घालून ठेवतो."

थोरलीनं लेकीला रजा काढायला लावली आणि सकाळची पहिली गाडी धरली.

दीर अंगणात तोंड पाडून बसला होता. "वहिनी, समजूत घालायला आल्या असाल तर चहा घ्या आणि परत जा."

"चहा घेतेच. आधी मेंढवाडा दाखव."

काटेरी कुंपणाला बैल जाईल एवढं भगदाड पडलं होतं. राखणीला उरलेला एकुलता एक कुत्रा, तोही थकलेला. कंबर धरल्यापासून दीर रात्री घरातच झोपत होता.

"घराला दार नाही आणि चोराच्या नावानं बोंब!" थोरली कडाडली. "आणि विष आधी कोण खाईल? तुझाच कुत्रा."

दीर मग म्हणाला, "एकट्यानं होत नाही हो. दादा होता तेव्हा दोघं होतो."

थोरलीनं पदर खोचला, कोयता घेतला. तिनं, दिरानं आणि जावेनं मिळून फांद्या तोडल्या, कुंपणाचं भगदाड बुजवलं. शेजारच्या मेंढपाळाकडून दोन दांडगी कुत्री मागून आणली.

जायच्या आदल्या संध्याकाळी ती ओढ्यावर पाणी आणायला गेली. समोरच्या काठावर लंगडी उभी होती. पोट खपाटीला गेलेलं, तोंडाभोवती पांढरे केस. दोघीही जागच्या हलल्या नाहीत.

"म्हातारी झालीस की गं," थोरली हळूच म्हणाली.

लंगडी वळली आणि पाय ओढत उतार चढून गेली. "अहो, बघितलंत का?" म्हणत थोरलीनं मागे पाहिलं. मागे नुसती वाट होती. घागर तशीच ठेवून ती काठावर बसली आणि पोटभर रडली.

ती शहरात परतली. काही दिवसांनी जावेनं फोनवर सांगितलं, "विषाचं नाव नाही आता. हे कुंपणाला खाट लावून झोपतात. काल ती आली होती, कुत्र्यांचा आरडाओरडा ऐकून मुकाट गेली. जाताना ह्यांनी तिला अशा शिव्या घातल्या, थेट थोरल्या भाऊजींसारख्या!"

थोरली हसली. फोन ठेवल्यावर लेकीला म्हणाली, "पोरगी शाळेत जायला लागली की मी माळावर जाईन."

"तिथे तुझं आता कोण आहे, आई?"

"दीर आहे, जाऊ आहे. तुझे बाबा मला तिथेच आठवतात गं. इथे नाही आठवत नीट."

लेक तिच्याजवळ येऊन बसली. "जा," ती म्हणाली. "सुट्टीत आम्हालाही बोलव. पण लांडग्यांचं ओरडणं ऐकून मी लहानपणी तुझ्या कुशीत शिरायचे, ते पोरीला सांगू नकोस."