पोचल्यावरचं वाच

गेल्या वर्षी फाल्गुनातल्या एका बुधवारी, सकाळी पावणेसात वाजता, माझी काकी सांगलीतल्या एका रुग्णालयात वारली. वय बहात्तरच्या आसपास. जन्मतारखेची नोंद नाही. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे ती सात महिने माझ्याकडे राहून डायलिसिस घेत होती. तिच्या एकुलत्या मुलीला कुठे पुरलं होतं, ते ठाऊक असलेली ती शेवटची होती. ती जागा कुणाला तरी दाखवून ठेवायची, हे तिने शेवटच्या काही आठवड्यांत मनावर घेतलं. त्याची सुरुवात एका जुन्या विज्ञानकादंबरीतून झाली.

मी सांगलीतल्या एका दैनिकात आलेल्या बातम्या तपासण्याचं काम करते. डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असायचं, चार-चार तास. सुरुवातीचे काही आठवडे काकी छताकडे बघत पडून राहायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, टीव्हीचा आवाज सोसत नव्हता. म्हणून मी वाचनालयातून एक पुस्तक आणलं. मुखपृष्ठ गेलेलं, सुरुवातीची आठ पानं गेलेली, त्यामुळे नाव आणि लेखक दोन्ही कळायला मार्ग नव्हता. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीवर फक्त क्रमांक होता. कुठल्याशा इंग्रजी कादंबरीचा तो अनुवाद असावा. बावन्न माणसं यानातून एका तांबड्या ग्रहावर जातात आणि तिथे वस्ती करतात, एवढी गोष्ट.

कॉलेजात असताना मी ते वाचलं होतं, बहुधा हीच प्रत. कथेत ज्या वर्षी यान निघतं ते वर्ष मागे पडून बराच काळ लोटला होता. शंभराव्या पानाच्या सुमारास माणसं मुखवटे काढून मोकळ्या हवेत श्वास घेतात. तिथे तशी हवा नाही हे आता शाळेतल्या मुलांनाही माहीत आहे. तरीही शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के मारलेल्या तीन चिठ्ठ्या एकावर एक चिकटवलेल्या होत्या आणि वरची चिठ्ठी भरत आली होती. ग्रंथपालांना मी विचारलं, हे अजून कोण नेतं? ते म्हणाले, "सुट्टीवर आलेले फौजी नेतात, शिक्षक नेतात, एक दूधवाले आहेत ते दरवर्षी नेतात. माणसाला जायचं असतं हो कुठंतरी."

मलाही त्या वयात उड्डाणाचीच प्रकरणं आवडली होती. काकीने ती दोन दिवस ऐकून घेतली. तिसऱ्या दिवशी मी खूण काढून वाचायला लागले तेव्हा तिने हात वर केला.

"पोचली का न्हाई गं ती अजून?"

"अजून तीस पानं आहेत."

"मग ऱ्हाऊ दे ती. पोचल्यावरचं वाच."

मी तीस पानं उलटली.

काकीचं सासर, म्हणजे आमचं मूळ गाव, सातारा जिल्ह्यातल्या डोंगरातलं. धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. सगळ्या गावाला सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जतकडे, माळावर जमीन मिळाली. माझे वडील फौजेत होते, आम्ही सातारा शहरात राहायचो, त्यामुळे आम्ही गेलो नाही. काका-काकी गेले. चाळीस वर्षं होत आली त्याला. ट्रक साताऱ्यावरून जाताना आमच्या दारात पाणी प्यायला थांबले होते. घरं उकलून वासे, कौलं, दारं सगळं बरोबर घेतलेलं होतं. त्यातल्याच एका आडव्या ठेवलेल्या दारावर काकीची मुलगी बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी घेऊन. मी आठ वर्षांची होते, ती चार. मला तिची तेवढीच एक आठवण आहे.

यान उतरल्यापासून मात्र काकी उशीला टेकून बसून ऐकायची.

"माती कसली हाय?"

"तांबडी. दगडगोटे. पाऊस नाहीच."

"जत म्हण की."

पलीकडच्या खाटेवर सांगलीजवळच्या एका गावातले किराणा दुकानदार असायचे, जैन, साठीचे. त्यांचंही मशीन त्याच वेळेला लागायचं. ते हसले आणि त्या दिवसापासून तेही ऐकायला लागले.

"बी-बियाणं नेलंय का?" काकीने विचारलं.

"गहू नेलाय. बटाटे नेलेत."

"बटाटे?" दुकानदार म्हणाले. "म्हणजे एवढं लांब जाऊनबी आमी उपाशीच!"

"तुमी दुकान टाका शेट तिथं. बावन्न गिऱ्हाईक हाय, दुसरं दुकान न्हाई."

"आवं काकी, माल संपला तर आणू कुठनं? आमचा टेंपो मिरजेपातूर जातोय कसाबसा."

"विरजण नेलं का त्यांनी?" काकी माझ्याकडे वळली. ट्रकात तिने स्वतः विरजणाचं गाडगं दोन पायांत धरून नेलं होतं. मी पुढची पानं चाळली. ग्रहावर जनावर नव्हतं, दूध नव्हतं आणि मूलही नव्हतं.

"बावन्न माणसं आणि एक पोर न्हाई? असलं गाव असतंय व्हय?"

पहिला गहू उगवून वाळून जातो त्या प्रकरणाला ती इतकी हसली की नळी हलली आणि सिस्टर धावत आली. आमच्या लोकांनी जतच्या माळावर पहिल्या वर्षी भात पेरला होता. डोंगरातलं बियाणं, पिशव्या भरून नेलेलं. शेजारच्या गावातले कानडी बोलणारे मेंढके बांधावर उभे राहून बघत होते. एकानेही अडवलं नाही. वीतभर पीक आलं आणि जळालं.

घरांचंही तेच झालं होतं. डोंगरात चार महिने पाऊस कोसळतो, म्हणून तिथली छपरं उंच आणि तीव्र उताराची. माळावर आल्यावर लोकांनी उकललेले वासे होते तसे उभे केले. सगळ्या मुलखात धाब्याची बसकी घरं आणि मध्येच ही पन्नास टोकदार छपरं. पुढे कितीतरी वर्षं बाजारात चेष्टा व्हायची: "काय गड्या, छपरं आणली, पाऊस इसरला व्हय घरी?"

वसाहतीतला पहिला मृत्यू पुस्तकात दीडशेव्या पानाच्या सुमारास येतो. दरड कोसळून एक म्हातारा कामगार मरतो. कप्तान सगळ्यांसमोर बोलतो. लोक माना खाली घालून उभे राहतात. पुढचं प्रकरण तीन वर्षांनंतरचं आहे. मी पान उलटलं.

"थांब. कुठं पुरलं त्याला?"

मी मागे जाऊन पाहिलं. "लिहिलेलं नाही."

"बघ नीट."

मशीन निघेपर्यंत मी ते प्रकरण दोनदा वाचलं. आमच्याकडे एखाद्या बातमीत ठिकाण नसेल तर ती बातमीदाराकडे परत जाते. इथे ठिकाण नव्हतं. दोन भाषांतून आणि कितीतरी आवृत्त्यांतून गेलेलं पुस्तक असेल, मी स्वतः आधी वाचलेलं, आणि माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"लिहिणारा कधी ऱ्हायला गेला नसंल," काकी म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी तिने वाचू दिलं नाही. स्वतःच बोलली.

नव्या गावातली पहिली मयत तिच्या मुलीची. पहिल्याच उन्हाळ्यात, ताप आणि जुलाब, तीन दिवस. नकाशात स्मशानभूमी दाखवलेली होती, माळावर नव्हती. शेजारच्या गावाची जागा मागायचा धीर कुणाला झाला नाही. काकाने आणि चार माणसांनी मुलीला आमच्याच रानात, घराच्या उगवतीला नेलं. बायांनी जायचं नसतं, म्हणून काकी दारात उभी राहिली. माळ सपाट, झाड नाही, ती माणसं थांबली तिथपर्यंत तिला सगळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी ती वाटीभर दूध घेऊन एकटी गेली.

"तिथं खुणंला काय बी नव्हतं. आपल्याकडं कसं, आंबा हाय, वढा हाय, खडक हाय. हितं नुसता माळ. मग मागं वळून बघितलं. आपल्या छपराचं टोक आनि त्याच्या मागं देवळाच्या छपराचं टोक, एकावर एक आलं. म्हटलं, हीच खूण. बांधापासनं सतरा पावलं. दगूड ठिवला असता तर नांगराखाली गेला असता."

"काकांशिवाय कुणाला माहीत होतं?"

"ती चार माणसं. आता एक बी न्हाई."

"आणि दादाला?" दादा म्हणजे तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ. तो मागाहून झाला, माझ्याहून धाकटा, पण सगळे त्याला दादाच म्हणतात.

"त्याच्या डोक्यावर कशाला वझं? पर आता मी गेल्यावर कुणाला ठावं ऱ्हाईल, सांग बरं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्यापरीस चार वर्सांनी धाकली हुती."

तिला मुलगी होती आणि ती गेली, हे मला लहानपणापासून माहीत होतं. कुठे, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

ज्या बुधवारी ती वारली, त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही तिला जीपमधून गावी नेलं. जाताना पाय उशीवर ठेवले होते. सुजेमुळे चप्पल चढत नव्हती. दादाने घराचं छप्पर अकरा वर्षांपूर्वी उतरवून स्लॅब टाकला आहे. दार आता रस्त्याच्या बाजूला आहे. रानात डाळिंब आहे, आणि ठिबक टाकताना बांध मोडला. देवळाचं छप्परही गेलं, त्या जागी सिमेंटचं शिखर आलं. आम्ही तिला घरामागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. तिने डाळिंबाच्या ओळींवरून नजर फिरवली.

"कुठं आणलंसा मला?" ती म्हणाली.

मी दादाला सगळं सांगितलं. तो आईसमोर उकिडवा बसला.

"आई, एवढी वर्सं ट्रॅक्टर घालतोय मी तिथनं. बोलायचं हुतंस की गं."

"तू काय करणार हुतास?"

"वळवून घातला असता."

जुन्या घराचं जोतं त्याने मोडलं नव्हतं, त्याच्यावरच नव्या भिंती उठवल्या होत्या. त्यामुळे आढ्याचं टोक कुठे यायचं ते त्याला काढता आलं. तो स्लॅबवर चढला, मोजून त्या जागी बांबूचा एक कळक उभा बांधला आणि टोकाला आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी गुंडाळली. मी डाळिंबात गेले. कळकाचं टोक देवळाच्या कळसावर येईपर्यंत सरकत राहिले. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधोमध ते आलं. त्या रेषेवर मी पुढे-मागे चालून पाहिलं, टोक कळसावरून हललं नाही.

रेष मिळाली होती. रेषेवर किती अंतरावर, ते बांधावरून ठरणार होतं. बांध कुठे होता याबद्दल दादाचा अंदाज आणि शेजाऱ्याचा अंदाज यांत तीस फुटांचा फरक पडत होता. काकी खुर्चीतून हात करत होती, अजून उगवतीला, अजून. मग म्हणाली, "मलाच नीवा. पायाला कळंल माझ्या." ओळींमधून खुर्ची उचलून न्यायला वाट नव्हती, ठिबकच्या नळ्या होत्या, काटे होते. तिला दोन पावलं टाकता आली. पुढच्या रविवारी मधल्या फांद्या छाटून वाट करायची आणि चाकांची खुर्ची आणायची, असं ठरलं.

परतताना तासगावच्या अलीकडे ती जागी झाली.

"त्या पुस्तकात लिव."

"काय?"

"आपल्या पोरीचं. त्यांनी जागा लिवली न्हाई, तू लिव. लोक नेत्यात म्हणालीस न्हवं ते? कुणी ना कुणी वाचंल."

"वाचनालयाचं पुस्तक आहे, काकी. त्यात लिहीत नाहीत."

"मग काय हुईल? रागवत्याल."

मंगळवारी डायलिसिसच्या वेळी तिचा रक्तदाब उतरला आणि मशीन थांबवावं लागलं. दुकानदार त्या दिवशी खाटेवर उठून बसले होते. त्यांनी मला खुणेने वाचायला सांगितलं. मी एक पान वाचलं. तिने ऐकलं की नाही, सांगता येत नाही. त्यानंतर ती बोलली नाही.

तिचं दहन नव्या गावाच्या स्मशानभूमीत झालं. आता तिथे पत्र्याची शेड आणि पाण्याची टाकी आहे. राख सावडल्यावर दादाने मूठभर राख तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये, रेषेवर, इकडून तिकडे टाकत नेली. कळक त्याने उतरवलेला नाही.

पुस्तकाची शेवटची साठ पानं वाचायची राहिली होती. पहिल्या मृत्यूच्या पानावर, समासात, मी पेनाने लिहिलं: गावाच्या उगवतीला, देवळाचा कळस आणि घरावरचा कळक एका रेषेत, डाळिंबाच्या तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये. बांधापासून सतरा पावलं. बांध आता नाही. मुलगी, वय चार.

पुस्तक मी मुदतीत परत केलं. आषाढात चौकशी केली तेव्हा ते जागेवर नव्हतं. नोंदवहीप्रमाणे आठ दिवसांपूर्वी एका वाचकाने ते नेलेलं होतं.