फटफटीचा मोठा दिवा
वेल्डिंगच्या दुकानापाशी कार्बाइडचा उग्र वास आला, की निजामाच्या राज्यातली सेलूची एक संध्याकाळ आठवते. जुन्या दिव्यात खड्डे दिसत नाहीत म्हणून दादा फटफटीला मोठा दिवा घ्यायला आला होता, मी सोबत होतो. दुकानदारानं कार्बाइडच्या गॅसवर जळणारा सगळ्यांत मोठा दिवा पेटवला. समोरच्या भिंतीला चिकटलेले कापसाचे तंतूसुद्धा मला स्पष्ट दिसले. दादा म्हणाला, "ह्यो बी लय अंधूक हाय." दुकानदार हळूच म्हणाला, "याच्याहून मोठा मिळत न्हाई, साहेब. आधी डोळे दाखवा." बाहेर येऊन दादानं फटफटी माझ्या हाती दिली. "आता तूच चालव," एवढंच म्हणाला. घरी, पेडगावपर्यंत त्यानं माझा खांदा घट्ट धरला होता, म्हणून मी हळूहळू चालवत होतो. आता दादा नाही, पण कुणी खांद्यावर हात ठेवला, की माझी चाल आपोआप मंदावते.