धोंडाबाईला पटलेला सिनेमा

सिनेमा बघून त्यात चुका काढणारी माणसं मी पुढं पुष्कळ पाहिली, पण माझ्या थोरल्या चुलतीच्या, धोंडाबाईच्या, पासंगाला कुणी पुरलं नाही. निजामाची अमदानी होती. आमचं गाव लातूरपासून दोन कोसांवर. श्रावणात लातूरच्या गंज-बाजारातलं कापसाचं गोदाम रिकामं पडायचं, तिथं निलंग्याचा चंद्रप्पा पडदा लावायचा. पंचमीला तो हटकून नागोबाच्या कहाणीचाच सिनेमा आणी, आणि गावच्या बायका गाड्या जुंपून जात.

ही कहाणी गावात सांगायचा मान धोंडाबाईचा. माहेर नसलेली एक सून पंचमीला दाराकडं डोळे लावून बसते. नागोबाला दया येते, तो माणसाचं रूप घेऊन, भाऊ होऊन तिला न्यायला येतो. धोंडाबाईची गत त्या सुनेसारखीच. तिचं चाकूरचं सगळं माहेर प्लेगात गेलेलं. चाळिशी ओलांडली, तरी पंचमीला तिला न्यायला मुराळी म्हणून कधी कुणी आलं नव्हतं. जावा माहेरी निघाल्या की ती त्यांना भाकऱ्या बांधून देई. ह्याचं तिला फार दुःख होतं, आणि तिनं ते कधी लपवलं नाही. फक्त माझी आई नीलाबाई, तिची धाकटी जाऊ, सोबतीला उरे, कारण आईचं माहेर गल्लीतच होतं.

पहिल्या साली मुका सिनेमा आला. त्यातला नागोबा रथातून उतरला, डोक्यावर हा एवढा मुकुट, आणि सुनेला रथात घालून चालता झाला. धोंडाबाई बायकांच्या बाजूला उभी राहून गरजली, "असा कुठं मुराळी असतो व्हय? सासूला इचारलं न्हाई, घोटभर पाणी पिला न्हाई!"

दुसऱ्या साली बोलता सिनेमा. ह्या नागोबाला रथ नव्हता, पण गळा होता. दारात उभं राहून त्यानं इतकं लांबलचक गाणं म्हटलं की तेवढ्यात चुलीवरची भाकरी करपली असती. धोंडाबाई पुन्हा उभी. चंद्रप्पानं वैतागून यंत्र थांबवलं.

"बाई, तुम्ही माझा धंदा बुडवायला लागल्या. मग भाऊ येतो तरी कसा, सांगा की!"

"पायावर पाणी घेतो. घोंगडीवर टेकतो. गूळ खातो, पाणी पितो. सासूला म्हणतो, बहिणीला न्यायला आलो, चार दिस धाडा. अन् बहिणीकडं बघत न्हाई. बघितलं तर ती रडंल."

सांगता सांगता ती स्वतःच रडली. चंद्रप्पानं आईला हळूच विचारलं, "ह्यांना कोण न्यायला येतं?"

"कुणी न्हाई," आई म्हणाली.

मुका बरा की बोलता बरा, यावर पुढं वर्षभर पाणवठ्यावर दोन तट होते. धोंडाबाई दोन्ही तटांना शिव्या घाली.

तिसऱ्या साली, पंचमीच्या आदल्या दिवशी, दारात छकडा थांबला. चंद्रप्पा उतरला. पायावर पाणी घेतलं, घोंगडीवर टेकला, गूळ खाल्ला, पाणी प्याला. मग माझ्या आजीला म्हणाला, "अक्काला न्यायला आलो. चार दिस धाडा." धोंडाबाईकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. ती तरी रडलीच. आणि सुनांना सहजी कुठं न धाडणाऱ्या आजीनं स्वतः शिदोरी बांधली. लातुरात चंद्रप्पाच्या बिऱ्हाडी त्याच्या बायकोनं, गौरम्मानं, तिला हिरव्या बांगड्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी गावच्या बायका गोदामात जमल्या. पडदा उजळला आणि आईनं कपाळाला हात लावला. चंद्रप्पाला नवा सिनेमा मिळालाच नव्हता. तोच मुका, तोच रथ, तोच मुकुट. नागोबा रथातून उतरला तशा सगळ्या माना धोंडाबाईकडं वळल्या. ती मांडी घालून बांगड्या मागंपुढं करत बसली होती.

आई तिच्या कानाशी लागली, "बाई, त्यानं सासूला इचारलं न्हाई."

"इचारलंय," धोंडाबाई म्हणाली. "काल इचारलंय. गप बघ."