नावेचं बलुतं, पुलाचा टोल

आमच्या गावापाशी पंचगंगेवर मीरासाब नाव चालवायचा. कोल्हापूरच्या कॉलेजात मी चार वर्षं त्याच्याच नावेतून गेले. गावाकडून त्यानं कधी पैसा घेतला नाही. सुगीला तो पोतं घेऊन खळ्यावर यायचा आणि घरटी दोन पायल्या जोंधळा घेऊन जायचा. मागावा लागायचा नाही. त्याचं घर वर्षभर त्यावरच चालायचं.

एकोणसत्तर साली पूल झाला आणि नाव काठावर पालथी पडली. पुलावर टोल बसला, बैलगाडीला चार आणे. आडव्या बांबूपाशी ठेकेदारानं मीरासाबलाच बसवलं. ओळखीच्या माणसाशी कोण भांडतंय, असं ठेकेदाराला वाटलं असावं.

पहिली गाडी आमच्याच आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी गाडीतच होते.

"मीरासाब, बांबू उचल की. पावण्यावानी काय बघतोस?"

"आण्णा, चार आणं हाईत."

"कशाचं? नावंला तुझा घाम लागायचा. हितं बैलं माझी, चाकं माझी."

मागच्या गाडीवरनं केरबा ओरडला, "आरं, उद्या नदीवरनं वारा आला तर त्याचंबी आणं घेशील!"

सगळे हसले. मीरासाबही हसला. "असू द्या आण्णा, सुगीला बघू," म्हणाला आणि त्यानं बांबू उचलला.

तिथंच चुकला. नावेचं बलुतं देणारं गाव पुलाचंही देईल, हे त्यानं धरूनच टाकलं. गावच्या गाड्या सोडत राहिला, त्यांचा टोल स्वतःच्या पगारातून भरत राहिला. बायको मेहमुदा कावली की म्हणायचा, "सुगी तर येऊ दे."

सुगी आली. तो पोतं घेऊन आमच्या खळ्यावर उभा राहिला.

"आता कशाचं बलुतं?" आण्णा म्हणाले. "नाव कुठं हाय?"

"गाड्या सोडल्या की, वरीसभर."

"मी सांगितलं हुतं सोड म्हणून?"

मी सूप भरून उभी होते. आण्णांनी नुसतं बघितलं आणि मी ते खाली ठेवलं. बी.ए. झालेली मी. तोंड होतं मला, उघडलं नाही.

सगळ्या खळ्यांवर तेच झालं. महिन्याभरात मीरासाबनं नावेच्या फळ्या जळणाला विकल्या आणि मेहमुदाला घेऊन वडगावला गेला, बाजारात पोती उचलायला.

बांबूपाशी ठेकेदारानं परगावची दोन दांडगी माणसं आणून बसवली. त्यांनी हात पुढं केला. आण्णांनी कनवटीचे चार आणे काढून दिले.