नावेचा वाकस आणि दारावरची घोंगडी

मी बी.ए. झालो त्याच उन्हाळ्यात बाबांचा उजवा हात गेला. लकव्यानं हात नेला आणि वाचाही नेली. आमचं घर लोहाराचं, बाळापूरच्या वरच्या अंगाला, पूर्णेच्या काठी. फाळ आणि विळे कोणताही लोहार करतो. बाबा नाव बांधणाऱ्यांची हत्यारं करत. त्यांत मुख्य वाकस, म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार. नावेच्या फळ्या आतून गोल तासाव्या लागतात, म्हणून त्याचं पातं पळीसारखं वाकवलेलं. असला वाकस बाजारात मिळत नाही. माझी अमरावतीची चार वर्षं याच वाकसांवर निघाली. आमच्या घराण्यात सही करणारा मीच पहिला, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पण त्या उन्हाळ्यात घरात एक वेळच चूल पेटत होती आणि माझी पदवी पेटीत पडून होती.

गावची जुनी नाव कुजली होती. नवी रहीम मिस्त्री बांधत होते. मृगाआधी ती पाण्यात उतरली नाही तर पावसाळाभर पलीकडचा बाजार बंद, वैद्य बंद. त्यांना नवा वाकस हवा होता आणि करणारा खाटेवर पडला होता. मी म्हणालो, मी करतो. लहानपणापासून पाहिलं होतं, ऐकलंही होतं. पातं पिकल्या बोरासारखं लाल झालं की लगेच पाण्यात बुडवायचं, म्हणजेच पाणी द्यायचं, की धार कडक होते. यात न कळण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं.

बाबांची खाट भट्टीतच एका कोपऱ्यात होती, कारण दुसरीकडे त्यांना करमत नसे. मी कॉलेजात शिकून आलो होतो की आजाऱ्याला उजेड आणि मोकळी हवा लागते. म्हणून भट्टीच्या दाराला वर्षानुवर्षं टांगलेला, धुरानं काळा झालेला बांबूचा तट्टा मी पहिल्याच दिवशी काढून टाकला. मायनं तो चुलीत घातला. त्या दिवसापासून बाबा डाव्या हातानं सारखं दाराकडे दाखवत. आम्ही समजलो, बाहेर जायचं असेल. खाट उचलून निंबाखाली नेली की डोळ्यांतून पाणी काढत. आत आणली की पुन्हा दाराकडे बोट.

पहिला वाकस सागाच्या फळीवर टेकला आणि धारेचा तुकडा उडाला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या वेळी रहीम मिस्त्री फुटकं पातं हातात घेऊन आले.

"बी.ए. पास, हा वाकस हाय का बत्तासा? टेकला अन् फुटला!" मग खाटेकडे पाहून आवाज खाली आणला. "तुह्या बापाच्या हातचा वाकस माह्या बापानं वापरला, मी वापरला. शुक्रवारपर्यंत पाहतो. नाही तं बार्शीटाकळीच्या लोहाराकडे जातो बाप्पा. मले नाव उतरवा लागते."

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. बार्शीटाकळीला गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

माय भाता ओढत होती. म्हणाली, "तुह्या बाबानं कवाच ऐरणीले हात जोडल्याबिगर पाणी नाही देल्लं. तू काहून नाही जोडत?"

"माय, लोखंडाला हात जोडून काय होते?"

तिनं भात्याला आणखी जोर दिला.

शुक्रवारी भर दुपारी मी शेवटचं पातं भट्टीत घातलं. दुसरं पोलाद घरात नव्हतं. कॉलेजात चार वर्षं मी देवाविषयी वाद घातले होते, पण त्या वेळी वादाला अंगात बळ नव्हतं. मी हातोडा खाली ठेवला आणि मनात म्हणालो, माझ्यानं होत नाही, आता तूच पाहा. एवढंच. ही प्रार्थना होती की हार, ते मला तेव्हा कळलं नाही.

तेवढ्यात दारात एक म्हातारी बाई उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावरून पाणी निथळत होतं.

"दंडवत भाऊ. रिद्धपूरले दर्शनाले चालली मी. नदीत पाय घसरला, घोंगडी वली झाली. दारावर टाकू काय घटकाभर?"

"टाका बाई, इचारता काय," माय म्हणाली.

तिनं ती जाड काळी घोंगडी दाराच्या आडव्या लाकडावर पसरली, आणि भट्टीत अंधार झाला.

मी पातं बाहेर काढलं आणि पाण्याकडे नेता नेता थांबलो. उजेडात जे मला बोरासारखं लाल दिसायचं, ते अंधारात झेंडूसारखं पिवळं होतं. इतके दिवस मी पोलाद जास्त तापवून, जाळून पाण्यात घालत होतो, म्हणून धार उडत होती. कोपऱ्यात पाहिलं. बाबांचा डावा हात दाराकडे नव्हता. तो छातीवर शांत पडला होता.

मी पातं राखेत निवू दिलं. पुन्हा हळूहळू तापवलं. या वेळी लाल रंग अंधारात उगवताना दिसला, आधी काळपट, मग बोराचा. ऐरणीला हात जोडले, कोणी सांगितलं म्हणून नाही. आणि पाणी दिलं.

माय भाकर घेऊन दारात गेली तोवर बाई घोंगडी काढून चालू पडली होती. मी शेताकडच्या पांदणीपर्यंत धावलो. दूर वाटेवर ती खांद्यावर घोंगडी टाकून चालली होती. हाक मारली, ती ऐकू गेली नसावी. तिला लोहारकामातलं काही कळत होतं असं मला वाटत नाही. तिला घोंगडी सुकवायची होती. कोणी याला योगायोग म्हणेल, मी त्याच्याशी भांडणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी जन्मभर उजेड मागत आलो आणि त्या दुपारी मला सावली मिळाली. बाबा दाराकडे बोट करून सांगत होते, तेही तट्ट्याच्या सावलीचंच होतं. मी शिकलेला, म्हणून मला त्यांचं बोट वाचता आलं नाही. हात टेकले तेव्हाच डोळ्यांना दिसलं.

संध्याकाळी रहीम मिस्त्रींनी मुद्दाम गाठ असलेली सागाची फळी निवडली आणि वाकस घातला. लांब, पातळ ढलपी वळत वर आली. त्यांनी अंगठा धारेवर फिरवला. मग ती ढलपी बाबांच्या डाव्या हातात ठेवली. "घे दोस्ता. तुह्या पोट्ट्याले आलं." नव्या हत्याराची पहिली ढलपी नदीला द्यायची आमची रीत. आम्ही खाट काठापर्यंत उचलून नेली आणि ती बाबांनी स्वतः पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी मी नवा तट्टा आणून दाराला टांगला. नाव मृगाच्या आठ दिवस आधी पूर्णेत उतरली आणि तो सारा पावसाळा माणसं पार करत राहिली. वाकसाची धार उडाली नाही. आमची भट्टी बंद पडली नाही.