गप्प म्हणजे हो

डिचोलीत आमच्या आणि माझ्या मैत्रिणीच्या घराची भिंत एकच. तिचा बाप खाणीवरचा ट्रक चालवायचा, माझे बाबा शाळेत कारकून. ती आणि मी एका बाकावरच्या. घरी तिला कुराण शिकवायची तिची विधवा फुफी, म्हणजे आते. पैगंबर काय बोलले, कसे वागले, त्या सगळ्या हदीस फुफीला तोंडपाठ.

एकदा जनेलाच्या गजांना टेकून ती मला ऐटीत म्हणाली, "आमच्यात पोरीला विचारल्याबिगर लग्न होत नाही. एका पोरीचं लग्न बापाने जबरदस्तीने लावलं, तर पैगंबरांनी ते तिच्या मर्जीवर सोडलं." मी जळले, खरं सांगते. आमच्यात कोण विचारतो? माझ्या ताईला तिचं लग्न ठरल्याचं कळलं ते पत्रिका जुळल्यावर, तेही शेजारणीकडून.

फुफी आतून म्हणाली, "पुढचंही सांग तिला. कुंवारी पोर लाजून गप्प राहिली, तर तो होकार धरतात." जरा थांबून पुन्हा म्हणाली, "लाजून. घाबरून नव्हे." त्या एका शब्दाचं एवढं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

बारावी झाली आणि तिला स्थळ आलं. तीन ट्रकांचा मालक, बायको वारलेली, वयाने दुप्पट. तिला तर नर्स व्हायचं होतं. ती आईला नको म्हणाली, पण आईने ते बापापर्यंत पोचवलंच नाही. बापाचा आवाज चढला की त्या घरात भांडंसुद्धा वाजत नसे. लग्नाच्या नोंदणीची कचेरीतली पहिली सही तिने बापाने बोट ठेवलं तिथे केली. त्या दिवसापासून तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. तिच्याकडे बघून मला धडकी भरायची.

निकाहाच्या आदल्या दिवशी तिने मला भिंतीआड ओढलं. "उद्या विचारायला येतील. मी 'नको' म्हणणार. पण बापासमोर तोंड उघडलंच नाही, तर तुझा हात दाबीन. तू बोल गे, हिला नको म्हणून."

"देवाशपथ बोलेन," मी म्हटलं.

निकाहाच्या सकाळी रस्त्यावर एकही ट्रक नव्हता. सगळे ड्रायव्हर मांडवात. आमच्या वाड्यावर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. खोलीत बायका दाटलेल्या, मी तिला चिकटून. तिचा काका दोन साक्षीदार घेऊन दारात आला, मागे बाप. काकाने विचारलं, "कबूल आहे?"

तिने माझा हात दाबला. नखं रुतली.

समोरून माझ्या आईने डोळे वटारले. परक्यांच्या घरची उठाठेव नको, असं ते डोळे सांगत होते. मी मान खाली घातली. काकाने पुन्हा विचारलं. कोपऱ्यातली एक म्हातारी हसली, "लाजते गे पोर! गप्प म्हणजे हो."

"थांबा," फुफी म्हणाली. एवढ्या बायकांत ती एकटीच बोलली. मग माझ्याकडे वळली. "तू तिची मैत्रीण. तुला काही बोललीय का ही?"

दारातून तिचा बाप माझ्याकडे बघत होता.

"नाय," मी म्हटलं. "काहीच नाय."

तिने हात सोडला. बाहेर मुबारक मुबारक सुरू झालं. मेली माझी जीभ! निदान गप्प तरी राहायचं होतं.

तीन वर्षांनी माझं लग्न झालं. नवरा मीच पसंत केलेला, बाबांशी भांडून. इतक्या दिवसांत तिने माझ्याशी शब्द काढला नव्हता, येईल असं वाटलंच नव्हतं. पण आली, कडेवर मूल, अंगाने निम्मी झालेली. माझ्याजवळ बसली. मामा मला मांडवात न्यायला आले, तेव्हा तिने माझ्या शालूखालून माझा हात धरला.

"नको असलं तर दाब," ती हळूच म्हणाली. "मी बोलेन."

मला ते लग्न हवं होतं. तरी तिचा हात सोडवेना, आणि मी हमसून हमसून रडले. बायका म्हणाल्या, "माहेर सुटतं ना, म्हणून रडते पोर."